उघाडीवरची बारी

रोह्याच्या सभागृहात हौसाबाईला स्टेजवर चढवायला दोन माणसं लागली. पायऱ्यांना कठडा नव्हता, आणि वीस वर्षं मिठागरात अनवाणी उभं राहून तिच्या गुडघ्यांत काही उरलं नव्हतं. एका बाजूने दिनानाथ सरांनी धरलं, दुसऱ्या बाजूने नात सरूने. खाली तीनेकशे माणसं बसली होती. माइकवरचा माणूस सांगत होता की इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या नव्हेत. इतिहास वाचून माणूस गावाच्या कामाला लागला पाहिजे. यंदा आलेल्या अडतीस शालेय प्रकल्पांपैकी हे करून दाखवलं ते एका प्रकल्पाने. पेण तालुक्यातल्या उंबरखारच्या नववीच्या मुलांचा प्रकल्प, ‘आमचा बांध, आमची बारी’.

ढाल सरूच्या हातात दिली. हौसाबाईच्या खांद्यावर शाल पडली. या आजींनीच मुलांना सगळा इतिहास सांगितला, असं म्हणून त्या माणसाने माइक तिच्या तोंडाशी धरला.

“आजी, काय सांगाल?”

हौसाबाईने माइककडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या साहेबलोकांकडे.

“बांध बांधून द्या,” ती म्हणाली.

लोक हसले. टाळ्या वाजल्या. तिने गंमत केली नव्हती.

ही २०११ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. उंबरखारचा बांध तेव्हा फुटून दीड वर्ष झालं होतं.

कासू स्टेशनला उतरून खाडीच्या अंगाने चालत गेलं की पाऊण तासात उंबरखार लागतं. गावची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे, तो आहे म्हणून गाव आहे. बांधाच्या पोटात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती चढू लागली की फळ्या पाडून खारं पाणी बाहेर ठेवायचं. २००९ च्या आषाढात, मोठ्या उधाणाला, जुनी उघाडी बाजूच्या दगडांसकट उखडली आणि बांधाला साठ फुटांची खांड पडली. तेव्हापासून खाडी दिवसातून दोनदा शेतात येत होती आणि दोनदा परत जात होती.

गावाने सुरुवातीला अर्ज केले. मग अर्ज करणारे थकले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेतात तिवरं दिसू लागली. खाऱ्या चिखलातलं हे झाड एकदा माजलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, हे खाडीकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पलीकडच्या दोन गावांत तेच झालं होतं. सात-बाऱ्यावर शेत, डोळ्यांसमोर जंगल. म्हणजे उंबरखारकडे तिसरा पावसाळा लागेपर्यंतचाच वेळ होता. खांड तोवर बुजली तर जमीन दोन-तीन वर्षांनी गोडी होईल. नाही बुजली तर कधीच नाही.

हौसाबाईची जमीन अडीच एकर. मुलगा शिवा रोह्याच्या कंपनीत कंत्राटावर, तीन शिफ्टमध्ये. कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात, त्याने एक खोली बघून ठेवली होती. आईबाप आले की सगळे तिथे राहायला जाणार होते. “आये, हितं आता काय हाय?” तो दर सुट्टीला विचारायचा. हौसाबाई म्हणायची, “पाऊस लागू दे, मग बघू.”

*

प्रकल्पाची कल्पना दिनानाथ सरांची. सर मूळचे माणगावकडचे, इतिहास शिकवायचे, आणि एका गोष्टीबद्दल फार हट्टी होते. प्रत्येक गोष्ट दोन तोंडांनी ऐकायची, मगच वहीत लिहायची. बावीस मुलं चार महिने घरोघर हिंडली. सरूला वाटलं होतं की आजी चार वाक्यं सांगून उठेल. आजी तीन दिवस बोलली.

तिने जोळ सांगितली. बांधाला भगदाड दिसलं की दवंडी पिटायची, घरटी एक माणूस कुदळ घेऊन बांधावर. न येणाऱ्याच्या घरी गाव जेवायला जायचं नाही. तिने बारी सांगितली. उधाणाच्या चार दिवसांत उघाडीवर बसायची पाळी घराघरातून फिरायची, आणि बारी चुकवणं म्हणजे देवाची खोटी शपथ घेण्याहून वाईट. बाईमाणसाने मात्र उघाडीवर बसायचं नाही.

“का नाय?” एका पोरीने विचारलं.

“खाडीला बाईचा वास चालत नाय म्हनायचे.”

“आणि मासळी विकायला बाईच?”

“ते खाडीला इचार गो,” हौसाबाई म्हणाली.

मग कुणीतरी १९७४ चं विचारलं. त्या साली बांध फुटला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. “त्या दिवशी बारी कुणाची होती, आजी?”

हौसाबाईने तोंडातली मशेरी थुंकली, चूळ भरली, आणि प्रश्नाला बगल दिली. “बारी कुनाची का असंना. पानी मोठं व्हतं. फुटला. पन गावानं जोळ क्येली नि बांधला. सरकारचा एक दगड नाय लागला.”

मुलांनी दुसरं तोंड म्हणून ऐंशीच्या घरातल्या धोंडुबाईला विचारलं. धोंडुबाई म्हणाली, “व्हय तर. एक दगड नाय.” तिसरं तोंड म्हातारा हिरामण, तोही तेच म्हणाला, उलट छाती पुढे काढून. म्हणून ते वाक्य प्रकल्पाच्या चौदाव्या पानावर चौकटीत आलं.

या चौकटीने गाव हललं, हे खरं. मुलांनी ते वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहिलं. भरती-ओहोटीच्या वेळांचा फळा देवळाजवळ लावला. कागदावर बाऱ्यांची यादी पुन्हा केली, शहाण्णव घरांची. दहा-दहा वर्षं एकमेकांशी न बोलणारे भाऊ एका अर्जावर सही करून गेले. चौऱ्याऐंशी घरांच्या सह्या झाल्या. परीक्षकांनी बक्षीस दिलं ते याला. स्पर्धा भरवणाऱ्या ट्रस्टने प्रकल्पाची पुस्तिका छापली, पाचशे प्रती, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीला एकेक पाठवली. आता बांध होणार, असं अर्ध्या गावाला वाटलं. हौसाबाईलाही.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर, हौसाबाई आणि सरू अर्ज घेऊन पेणला गेले. रामवाडीला उतरून खाडीच्या बांधांचं काम बघणाऱ्या कचेरीचे दोन जिने चढले. साहेब तरुण होते, लातूरकडचे, वागायला सरळ. त्यांनी पाणी मागवलं, ढालीचा फोटो पाहिला, मुलांचं मनापासून कौतुक केलं. टेबलावर पुस्तिका होतीच. चौदाव्या पानात त्यांनी पेन खुणेला घातलं होतं.

“आजी, हे तुम्हीच सांगितलंत ना?” त्यांनी वाचून दाखवलं. “‘गावाने जोळ करून बांधला, सरकारचा एक दगड लागला नाही.’”

“व्हय,” हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून अभिमानाचा होता.

“तिथेच अडचण आहे. माझ्याकडे बांधांच्या दोन याद्या. सरकारने ताब्यात घेतलेले आणि खासगी. तुमचा बांध कुठल्या यादीत घालायचा, यावर वर्षभर घोळ चालला होता, कारण आमच्याकडे कागद नाही. आता वरून विचारणा झाली तेव्हा ही पुस्तिकाच पुढे आली. तीन साक्षीदार, तिघंही म्हणतात गावाचा बांध, गावाने बांधला. म्हणजे खासगी. खासगी बांधावर मला सरकारी पैसा टाकता येत नाही.”

दिनानाथ सर म्हणाले, “साहेब, मुलांचा प्रकल्प आहे तो.”

“चांगला केलाय ना, म्हणून तर धरला,” साहेब म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. “यादी पंधरा मेला बंद होते. त्याआधी सरकारने बांध घेतल्याचा एखादा कागद आणा. मी स्वतः शेरा मारतो.”

जिना उतरताना सरूने आजीचा हात धरला होता. आजी प्रत्येक पायरीवर थांबत होती. सरूला वाटलं, गुडघे दुखत असतील.

परतीच्या एसटीत हौसाबाई खिडकीशी बसली. सरकारचे दगड किती लागले होते, हे तिला नीट आठवत होतं. तिने स्वतः ते डोक्यावरून वाहिले होते.

*

१९७४ ला ती बावीस वर्षांची होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. रोह्याजवळ तेव्हा नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि गेटवर माणसं घेतात अशी बातमी होती. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला बारी आली नवऱ्याची, काळुरामची, आणि त्याच दिवशी त्याला कुणीतरी गेटवर बोलावलं. तो पहाटेच्या एसटीने गेला. जाताना म्हणाला, दुपारच्या भरतीआधी येतो. आला नाही. हौसाने शेजाऱ्याला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर बारी चुकवणारं घर म्हणून नाव झालं असतं. ती डोईवर इरलं घेऊन, वाकून, स्वतः उघाडीवर गेली. पावसात इरल्याखाली बाई की बाप्या, लांबून कळत नाही.

पहिली फळी तिने नीट पाडली. दुसरी खाचेत तिरकी अडकली. ती फळीवर उभी राहिली, नाचली, दगडाने ठोकली. फळी हलली नाही. फळीच्या कडेने पाण्याची मनगटाएवढी धार सुटली. त्या धारेने बाजूची माती खाल्ली. साडेबाराच्या सुमाराला भरती पूर्ण चढली तेव्हा भोक माणूस जाईल एवढं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे बांधच नव्हता.

पंचनाम्याला तलाठी आला, बांधाचे साहेब आले. निष्काळजीपणा असेल तर मदत नाही, आपत्ती असेल तर सरकार बांध घेईल, असं ते म्हणाले. काळुरामने अंगठा दिला की मी बारीवर हजर होतो, दोन्ही फळ्या टाकल्या होत्या, पाणी बांधावरून गेलं. हौसाने साक्षीदार म्हणून अंगठा दिला. सरकारने बांध घेतला. दगडाचं अस्तर आलं, नवी उघाडी आली. दीड वर्ष काम चाललं, आणि गावचे शेतकरी स्वतःच्याच खारजमिनीवर मजूर म्हणून हजेरीच्या रांगेत उभे राहिले, दुपारी सुकडीसाठी हात पुढे केले. ते कुणालाच सांगावंसं वाटलं नाही. दहा वर्षांत त्या मजुरीची जोळ झाली. वीस वर्षांत सगळे तेच खरं धरून चालले. हौसाबाईला मात्र त्या बढाईचा वेगळा उपयोग होता. सरकार आलंच नव्हतं म्हटलं की पंचनामा नव्हता, पंचनामा नव्हता की अंगठा नव्हता.

काळुरामला कंपनीत घेतलं नाही. तो मिठागरात लागला. त्या आषाढानंतर तो बांधावर कधीच चढला नाही. जोळीला कुदळ घेऊन हौसाच जायची.

*

पेणहून ती घरी आली तेव्हा काळुराम ओटीवर दोरखंड वळत बसला होता. सदुसष्ट वर्षांचा, एका डोळ्याने अधू.

“मी सांगनार हाय,” हौसाबाई म्हणाली.

“काय?”

“उघाडीचं.”

त्याचे हात थांबले नाहीत. “सदतीस वर्सं गप बसलीस.”

“तवा घरात भात व्हता.”

त्याने दोराला आणखी एक पीळ दिला. मग तो म्हणाला, “माझं नाव घ्येशील?”

“त्याबिगर कसं सांगू?”

“घे. पन रोह्याला कशाला ग्येलतो ते बी सांग. दारू प्यायला नव्हतो ग्येलो.”

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. नववीच्या वर्गात, बाकावर बसून, तिने बावीस मुलांपुढे पंचनाम्याची गोष्ट सांगितली. अंगठा कुणाकुणाचा, साहेब कुठला, महिना कुठला. मुलं पटापट लिहीत होती. सरूनेच विचारलं, “मग आजा त्या दिवशी हजर होता?”

हो म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. पंच म्हणून सही केलेले पाचही मेले होते. कागदात ‘हजर’ असंच लिहिलेलं होतं.

“नव्हता,” हौसाबाई म्हणाली. “मी व्हती. फळी माझ्या हातनं अडकली. एक खोटं छापलं नि बुडालो. आता दुसरं नको.”

मागच्या बाकावरची पुतळी नावाची पोर, जिच्या आजोबांची दोन एकर त्या साली गेली होती आणि परत कधी पिकली नाही, ती वही मिटून बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. धोंडुबाई काठी टेकत दारात आली.

“हौसे, तू बसलीस उघाडीवर?”

“व्हय.”

“सांगायचंस ना गो. मी आली असती फळीवर नाचाया. दोघींच्या वजनानं बसली असती.”

शिवी दिली असती तर हौसाबाईला सोपं गेलं असतं.

दिनानाथ सरांनी दोन पत्रं लिहिली. एक ट्रस्टला, की चौदाव्या पानावरचा मजकूर चुकीचा आहे, मुलांनी स्वतः शोधून दुरुस्त केला आहे, तो कचेऱ्यांना कळवावा. एक साहेबांना, पंचनाम्याच्या तपशिलासह. ट्रस्टचं उत्तर आठ दिवसांत आलं. मुलांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक होतं, ढाल त्यांच्याकडेच राहील असं होतं, आणि पुस्तिकेच्या सर्व प्रती वाटून झाल्याने दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू, असं होतं. पुढची आवृत्ती निघणार नव्हती.

साहेबांनी मात्र खरोखर शोधलं. एप्रिलच्या शेवटी त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत नेलं. हौसाबाईही गेली. रॅकवर फायलींच्या जागी करड्या विटांसारखे गठ्ठे होते. २००५ सालच्या महापुरात दप्तर दोन दिवस पाण्याखाली होतं. सत्तर ते ऐंशीचं सगळं याच रॅकवर. साहेबांनी एक गठ्ठा उचलला, त्याचा तुकडा हातात आला.

“यात असेल किंवा नसेल,” ते म्हणाले.

हौसाबाईने तो तुकडा हातात घेतला. सदतीस वर्षं ज्या कागदाला ती भीत आली, तो सहा वर्षांपूर्वीच लगदा झाला होता. आणि आज तो हवा होता.

“सायेब, मी सांगते ते चालत नाय?”

“तुम्ही आधी एक सांगितलंत, आता दुसरं. मी वर काय लिहू?”

पंधरा मेला यादी बंद झाली.

*

सोळा मेच्या सकाळी हौसाबाईने देवळातला ताशा मागून घेतला आणि स्वतः वाजवत गावातून फिरली. उंबरखारात जोळीची दवंडी तेवीस वर्षांनी पिटली जात होती. ताशा वाजवायची तिला सवय नव्हती. कुत्री मागे लागली. ओटीवरून कुणीतरी ओरडलं, “म्हातारे, लगीन कुनाचं?” शहाण्णव घरांतून तेहतीस माणसं आली. पंचवीस बाया. पुरुषांतले बरेचसे शिफ्टला होते, काहींनी शिफ्टचं कारण सांगितलं. नववीची मुलं वीस आली. पुतळी आली नाही.

अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या मध्ये भांगाचे दिवस असतात, तेव्हा खाडीला जोर नसतो. तेवढ्यात खांड बुजवायची होती. पहिला भांग नुसता दोन्ही कडांची सैल माती काढण्यात गेला. दुसऱ्यात सकाळी ओहोटीला उतरायचं, चिखलाची ढेपं कापायची, रांगेने हातोहात द्यायची, भरती घोट्याला लागली की बाहेर यायचं. साठ फुटांपैकी दहा फूट झाले, मग अठरा. मधल्या उधाणात सहा वाहून गेले. शिवा एक रविवार आला, दुपारपर्यंत राबला, आणि जाताना म्हणाला, “आये, जेसीबीचं काम हाय ह्ये. तू हातानं खाडी अडवतेस.”

“मंग जेसीबी आन.”

तो स्टेशनकडे गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी काळुराम बांधावर आला. काठी नव्हती, हाताने गवत धरत धरत आला. रांग थांबली. त्याने अधू डोळा बारीक करून बांधलेल्या भागाकडे पाहिलं.

“ढेपं उलटी लावलीव,” तो म्हणाला. “गवताची बाजू खाली पायजे. वर ठ्येवली का गवात कुजतं नि पान्याला वाट व्हते. कुनी शिकवलं हे?”

कुणीच शिकवलं नव्हतं. पुस्तिकेत जोळीची अकरा पानं होती, ढेप कुठल्या बाजूने ठेवायची ते त्यात नव्हतं. जी माणसं सांगू शकली असती त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि काळुरामला विचारायचं धाडस घरातल्या नातीनेही केलं नव्हतं. तो खाली बसला आणि दुपारपर्यंत एकेक ढेप हाताने उलटवत राहिला. हौसाबाई त्याच्या शेजारी ढेपं देत होती.

त्या आठवड्यात सव्वीस फूट झाले. आषाढाच्या तोंडावरची अमावास्या एक जुलैला होती.

तीस जूनला साहेब आले. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर, बरोबर टेप आणि एक कारकून. वरून अहवाल मागवला होता. त्यांनी खांड मोजली, बांधलेला भाग मोजला, आणि कारकुनाला सांगत गेले. सरू मागे उभी राहून कारकुनाच्या कागदात वाचत होती. ‘सदर बांधाची दुरुस्ती ग्रामस्थ स्वतः पूर्वापार पद्धतीने करीत असल्याचे आढळून आले.’

“म्हणजे पुन्हा खासगीच झाला ना, साहेब?” सरू म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “मी दिसतं ते लिहितो.”

“आमी नाय बांधलं तं जमीन जाते,” हौसाबाई म्हणाली. “बांधलं तं बांध आमचा. मंग आमी करावं काय?”

साहेबांनी टेप गुंडाळला. कागद तिच्यापुढे धरला. “आजी, पंच म्हणून अंगठा.”

“आधी वाचून दाखव गो,” ती सरूला म्हणाली. सरूने सगळा वाचला. “आता खाली लिवा, सायेब. चौऱ्याहत्तरच्या आषाढात हितं बारी काळुरामची व्हती. तो नव्हता, नोकरी बघाया रोह्याला ग्येलता. उघाडीवर हौसा बसली. दुसरी फळी अडकली. मंग सरकारनं बांध घ्येतला नि दगड लावला.”

“याला रकाना नाही, आजी.”

“खाली जागा हाय की.”

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. कारकुनाने लिहिलं आणि शेवटी जोडलं, ‘असे सदर महिला सांगते. पुरावा नाही.’ तेही सरूने वाचून दाखवलं. हौसाबाईने पेन मागितलं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिने चिखलाच्या हाताने केली. तिला वेळ लागला. साहेब थांबले, एक डोळा खाडीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी भरती साडेबाराला पूर्ण होती. मुलांच्या यादीप्रमाणे बारी कुणाची हे देवळाजवळच्या फळ्यावर होतं. हिरामणच्या घराची होती, आणि त्याच्या घरी त्या दिवशी कुणी नव्हतं. हौसाबाई अकराला जाऊन बसली. उघाडी नव्हती, पाडायला फळी नव्हती. पाणी आलं, सव्वीस फुटांपैकी उलट्या ढेपांचा भाग आधी गेला. काळुरामने लावलेला नऊ फुटांचा तुकडा त्यानंतर पाऊण तास टिकला. मग तोही गेला. ती ओहोटी लागेपर्यंत बसून राहिली आणि घरी आली.

दिवाळीत शिवा अष्टमीच्या खोलीवर सामान न्यायला टेम्पो घेऊन आला. काळुराम पुढे बसला. सरूने निघण्याआधी अडीच एकरांतली तिवराची रोपं मोजली आणि प्रकल्पाच्या वहीत, शेवटच्या पानावर, तारीख घालून आकडा लिहिला. चारशे अकरा, गुडघ्याएवढी. आकडा दुसऱ्या कुणी ताडून बघायला हवा होता, सरांचा नियम होता. तिने वही आजीकडे दिली. हौसाबाई बांधावरून खाली उतरली आणि पहिल्यापासून मोजू लागली.